माहुलीची वाट : एका राजधानीचा पायी प्रवास

(आसनगाव येथे भरलेल्या ज्ञातिसंघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



स्नेहसंमेलनात व्याख्यान म्हटले की जेवणाच्या पंगती उठेपर्यंतची वेळ काढण्याचा तो एक उपचार असतो, असा बहुतेकांचा समज आहे, आणि तो अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. तथापि यंदा कार्यकारी मंडळाने आम्हांस विषय निवडण्याची मोकळीक दिली, आणि संमेलनाचे स्थळ आसनगाव ठरले. तेव्हा या मंडपातून मान वर करून पाहिले असता जो डोंगर दिसतो, त्याच्याविषयीच चार शब्द बोलावे असे आम्ही ठरविले. तो डोंगर म्हणजे माहुली. आपल्यापैकी पुष्कळांची घरे शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत आहेत, आणि त्याहून अधिक कुटुंबे पोटापाण्यासाठी कल्याण, डोंबिवली, ठाणे, मुंबई येथे जाऊन राहिली आहेत. सणासुदीला ही मंडळी गावी येतात, कसाऱ्याच्या गाडीत बसतात, वासिंद मागे पडले की डाव्या हाताच्या खिडकीतून सुळक्यांची ती रांग पाहतात आणि मुलांना सांगतात, "तो बघ माहुलीचा किल्ला." मुले बघतात, स्टेशन येते, आणि माहुलीचा अभ्यास तेथेच संपतो.

तो अभ्यास पुढे कसा न्यावा, एवढेच आजच्या भाषणाचे प्रयोजन आहे.

परदेशातील एक उदाहरण प्रथम सांगतो. अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स राज्याची राजधानी बॉस्टन हे जुने शहर आहे. त्या देशाच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या आरंभीच्या कित्येक घटना तेथे घडल्या. 1951 साली तेथील नागरिकांनी एक साधी युक्ती काढली. जुनी सभागृहे, प्रार्थनामंदिरे, स्मशाने अशी सोळा ठिकाणे त्यांनी एका वाटेने जोडली, आणि पुढे त्या वाटेवर फरसबंदीतून तांबडी रेघ ओढली. अडीच मैलांची ती रेघ धरून कोणीही चालत निघावे, प्रत्येक ठिकाणी थांबावे, वाचावे आणि पुढे जावे. बरोबर माहितगार नसला तरी अडत नाही. शाळकरी पोर असो की म्हातारा आजोबा असो, प्रत्येकजण आपल्या पायांच्या वेगाने आपल्या राजधानीचा इतिहास चालून पाहतो. आमच्या मनात प्रश्न आला, अशी रेघ आपल्याकडे ओढता येईल काय?

यावर कोणी म्हणेल, आपल्याकडे राजधानी आहे कुठे? रायगड महाडकडे, सातारा घाटावर, कोल्हापूर त्याहून लांब. शहापूर तालुक्यात राजधानी कोठून आणणार? हाच प्रश्न आमच्याबरोबर प्रथम माहुलीवर आलेल्या एका नऊ-दहा वर्षांच्या मुलाने केला होता. पुढे त्याकडे येऊच.

बहमनी सत्तेपासून वेगळे होऊन 1490 साली अहमद निजामशहाने आपले स्वतंत्र राज्य उभे केले, आणि 1494 साली अहमदनगर वसविले. ते त्या राज्याचे वैभवाचे नगर. 1600 साली, चांदबिबीच्या अंतानंतर, नगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला. राज्य मात्र बुडाले नाही. मलिक अंबराने ते उचलून धरले. त्याच्या काळात राजधानी परांड्यास गेली, जुन्नरास आली, पुढे 1610 मध्ये त्याने वसविलेल्या खडकीस गेली. ही खडकी म्हणजेच पुढचे औरंगाबाद व आताचे छत्रपती संभाजीनगर. 1626 मध्ये मलिक अंबर वारला. 1633 मध्ये दौलताबाद मोगलांनी घेतले आणि तेथील निजामशहाला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत टाकले. येथे खरे म्हणजे सर्व संपले असे कोणासही वाटले असते. परंतु शहाजीराजे भोसले यांनी निजामशाही घराण्यातील मुर्तझा नावाचा एक लहान मुलगा शोधून काढला, संगमनेरजवळच्या पेमगिरीच्या किल्ल्यावर त्यास गादीवर बसविले, आणि त्याच्या नावाने तीन वर्षे राज्य चालविले.

मे 1636 मध्ये शाहजहान बादशहा आणि विजापूरचा आदिलशहा यांचा तह झाला. दोन बलाढ्य सत्ता एका लहान मुलाविरुद्ध एक झाल्या. मोगलांचा खानजमान आणि विजापूरचा रणदुल्लाखान शहाजीराजांच्या पाठीवर सुटले. राजे कोकणात उतरले. चौलच्या पोर्तुगिजांकडे त्यांनी आश्रय मागून पाहिला, तो मिळाला नाही. तेव्हा त्या बालराजासह त्यांनी जो डोंगर जवळ केला, तोच हा समोरचा डोंगर. जिजाबाई आणि सहा वर्षांचे शिवाजीराजेही या वेळी माहुलीवर होते असे सांगितले जाते. त्या वर्षाच्या उत्तरार्धात किल्ल्याला वेढा पडला. बाहेरून मदत येण्याची आशा उरली नाही. शहाजीराजांनी तह केला, स्वतः विजापूरची चाकरी पत्करली, आणि बालराजास मोगलांच्या स्वाधीन करावे लागले. त्या मुलाची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली. जवळजवळ दीडशे वर्षे चाललेल्या राज्याचा शेवटचा दिवस उजाडला तो आपल्या या डोंगरावर.

ज्या गादीने अहमदनगरच्या महालात आरंभ केला, तिची अखेरची बैठक माहुलीची. राजधानी म्हणजे महाल आणि बाजारपेठ असे आपण समजतो. माहुली शिकविते ते असे की, राजा जेथे आहे आणि त्याच्यासाठी मरावयास माणसे जेथे उभी आहेत, ती राजधानी. या अर्थाने काही महिने का होईना, आसनगावच्या डोक्यावर एक राजधानी नांदून गेली.

आता त्या वाटेकडे वळू. ही वाट आम्ही दोन-तीन वेळा चाललो आहोत. ती सहा टप्प्यांत सांगतो, म्हणजे घरी जाऊन कागदावर उतरवून घेता येईल.

पहिला टप्पा आसनगाव स्टेशन. येथून डोंगर नीट पाहून घ्यावा, कारण जवळ गेल्यावर तो अखंड दिसत नाही. माहुली हा एक किल्ला नाही. दक्षिणेला भंडारगड, मध्ये माहुली आणि उत्तरेला पळसगड असे हे दुर्गांचे त्रिकूट आहे, मध्ये खिंडी आहेत. स्टेशनवर उभे राहूनच मुलांना विचारावे, एवढ्या लांब डोंगराला वेढा घालावयास किती फौज लागली असेल? उत्तर देण्याची घाई करू नये. वर गेल्यावर ते आपोआप सुचते.

दुसरा टप्पा स्टेशन ते माहुली गाव, सुमारे पाच किलोमीटर. महामार्गाची वर्दळ मागे टाकली की भाताची खाचरे लागतात. रिक्षा मिळते, परंतु शक्य त्यांनी येथून चालावे. या वाटेवर वाचावयाची गोष्ट म्हणजे भूगोल. मागे कल्याणचे बंदर, पुढे थळ घाट. मुरबाडच्या बाजूला नाणेघाट, ज्याने सातवाहनांच्या काळापासून जुन्नरचा माल कोकणात उतरत असे. घाट आणि बंदर यांच्या मध्ये हा डोंगर उभा आहे. शहाजीराजांनी हाच डोंगर का निवडला, याचे उत्तर या पाच किलोमीटरांत मिळते. वाटा दिसाव्यात, पण वाटेवरच्याने आपल्यापर्यंत सहज पोहोचू नये, अशी ही जागा आहे.

तिसरा टप्पा माहुली गाव आणि पायथ्याचे देऊळ. येथे थोडे बसावे. हा परिसर तानसा अभयारण्याचा आहे, म्हणून वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून, ठरलेले शुल्क भरून मगच पुढे जावे. पिण्याचे पाणी येथेच भरून घ्यावे. प्रत्येकी दोन-तीन लिटर तरी असावे.

चौथा टप्पा चढण. साग, ऐन, मोह यांच्या रानातून वाट वर जाते. ओढा ओलांडला की चढ सुरू होतो, आणि तो माथ्यापर्यंत सुटत नाही. सावकाश चालणाऱ्यास तीन तास लागतात. शेवटी कातळाला टेकलेली लोखंडी शिडी आहे. लहान मुलांना शिडीवर पुढे-मागे मोठे माणूस ठेवून एकेकटे चढवावे. येथे वाचावयाची गोष्ट म्हणजे 1670 साल. जून 1665 च्या पुरंदरच्या तहात शिवाजीमहाराजांना जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत माहुली होता. 1670 च्या आरंभी महाराजांनी तो परत घेण्यासाठी हल्ला केला. मोगलांचा किल्लेदार मनोहरदास गौड सावध होता. त्याने हल्ला परतविला आणि मराठ्यांची मोठी हानी झाली. पुढे मनोहरदासाने किल्लेदारी सोडली, आणि त्याच वर्षी जून महिन्यात मोरोपंत पिंगळे यांनी किल्ला जिंकला. शिडीपाशी धापा टाकीत बसल्यावर मुलांना हे सांगावे. दिवसाउजेडी, रिकाम्या हाताने, कोणी वरून दगड टाकीत नसताना आपली ही गत झाली. रात्री, शस्त्रानिशी, वरून मारा होत असता ही चढण चढणारी माणसे कशी असतील?

पाचवा टप्पा माथा. पाण्याचे टाके आणि पडक्या महादरवाजाजवळच्या पहारेकऱ्यांच्या देवड्या येथे आहेत. देवड्यांत बसून शिदोरी सोडावी, आणि उष्टेखरकटे, कागद, पिशव्या परत खाली न्याव्यात.

ज्या मुलाचा उल्लेख आम्ही केला, त्याने येथेच विचारले होते, "काका, राजवाडा कुठे आहे?" आम्ही इकडे तिकडे हात दाखविले. जोती आहेत, दगड आहेत, झाडी आहे. "मग राजा कुठे राहायचा?" आम्ही त्यास सांगितले की, राजा तुझ्याएवढाच, कदाचित तुझ्याहून लहान होता. त्याच वेळी या गडावर आणखी एक सहा वर्षांचा मुलगा असेल. दोघांनी याच टाक्याचे पाणी प्यायले असेल. एकजण येथून कैदेत गेला आणि त्याचे नाव आज कोणाच्या ओठी नाही. दुसरा येथून आईबरोबर गेला आणि त्याने पुढे स्वतःचे राज्य उभे केले. तो मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, "पहिल्याला घरी कोणी नेले नाही?" या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुस्तके वाचूनही जे आम्हांस कधी सुचले नव्हते, ते त्या टाक्याजवळ एका मुलास सुचले. वाट स्वतः चालण्याचा लाभ तो हाच.

सहावा टप्पा दक्षिणेचा भंडारगड आणि कल्याण दरवाजा. येथून नवरा, नवरी, करवली अशी नावे मिळालेले सुळके अगदी समोर येतात. माथ्यावरून तानसा तलावाचे पाणी दिसते. त्या पाण्याकडे आपण शहापूरकरांनी जरा अधिक वेळ पाहावे. 1892 पासून हा तलाव मुंबईची तहान भागवीत आला आहे. पुढे वैतरणा आणि भातसा यांचेही पाणी मुंबईस गेले. याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. टाके खोदून डोंगराच्या माथ्यावर बारमाही पाणी राखणारे ते जुने लोक, आणि पायथ्याशी एवढे पाणी असून तहानलेले आपण, हा विचार घेऊनच खाली उतरावे.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बॉस्टनची रेघ फरसबंदीवर आहे, आपली वाट रानातून आहे. शिडीपर्यंतची पायवाट ठसठशीत आहे, ती कागदावरून चालता येईल. माथ्यावर झाडी दाट आहे आणि गुरांच्या वाटा पुष्कळ. पहिल्या खेपेस भंडारगडाकडे जाताना वाटाड्यावाचून जाण्याचा आग्रह आम्हीच धरला, आणि दीड तास एकाच जागेभोवती फिरलो. पाणी संपले. उतरतानाच अंधार पडला. पाड्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईने अंगणात घोंगडी टाकली, तांब्या पुढे केला आणि एवढेच म्हणाली, "बाबांनो, डोंगराला इचारल्याबिगर चढू नये." तेव्हापासून आमचा नियम असा आहे : शिडीपर्यंत स्वतः जावे, शिडीच्या वर प्रथमच जात असल्यास माहुली गावातील माहितगार बरोबर घ्यावा आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी. पावसाळ्यात मुलेबाळे घेऊन चढू नये. कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. सकाळी उजाडताच निघावे, आणि तीन वाजता जेथे असू तेथून परत फिरावे.

आता ज्ञातिसंघाच्या कामाविषयी. गेल्या वर्षी आपल्यापैकी काही उत्साही सभासदांनी सूचना केली होती की, माहुलीवर आपल्या ज्ञातीच्या नावाचा एक फलक लावावा, आणि आपल्या पूर्वजांनी या गडाची किल्लेदारी केली असा मजकूर त्यावर कोरावा. त्यांच्या भावनेविषयी आम्हांस आदर आहे. आपल्या घराण्याचे नाव त्या दगडाशी जोडलेले असावे असे कोणाला वाटणार नाही? त्यासाठी आम्ही मिळतील ती पुस्तके चाळली, जाणत्यांस विचारले. आम्हांस त्यात शहाजीराजे सापडले, मनोहरदास सापडला, मोरोपंत सापडले. आपले नाव सापडले नाही.

म्हणून आमचे नम्र सांगणे असे की, जे सिद्ध नाही ते दगडावर कोरू नये. आज आपण एक फलक लावला, तर उद्या शेजारची ज्ञाती दुसरा लावील, परवा तिसरी, आणि ज्या डोंगराने एका अनाथ राजाला कोणत्या जातीचा म्हणून विचारले नाही, त्या डोंगरावर आपण भांडत बसू. गडावर धान्य कोणी वाहून नेले असेल? टाक्यांचा कातळ कोणी फोडला असेल? वाटा कोणी दाखविल्या असतील? पायथ्याच्या गावांतील आणि पाड्यांवरील माणसांनीच. त्यांत कुणबी असतील, आगरी असतील, ठाकूर, कातकरी, वारली असतील, आणि आपलेही कोणी असतील. त्यांची नावे कोणीही लिहून ठेविली नाहीत. त्या निनावी माणसांत आपण आहोत, एवढा अभिमान पुरेसा आहे, आणि तो खोटा ठरण्याची भीती नाही.

फलकासाठी जो निधी जमविण्याचे मनात होते, त्यातून एक लहानशी घडीची पत्रिका छापावी अशी आमची सूचना आहे. तिच्यात वाटेचा नकाशा, हे सहा टप्पे, प्रत्येक टप्प्यावर वाचावयाच्या चार ओळी, आणि सावधगिरीचे नियम असावेत. ती सभासद कुटुंबांना द्यावी, तालुक्यातील शाळांना विनामूल्य द्यावी, आणि माहुली गावातील मंडळींना विचारून, त्यांनी दुरुस्त करून दिल्यावरच छापावी. तिच्यावर ज्ञातिसंघाचे नाव शेवटी बारीक अक्षरांत घालावे. गडावर रंगरंगोटी, खोदाई, टाक्यांत उतरणे असले काहीही परवानगीवाचून करू नये.

1817 च्या पुणे तहाने हा मुलूख इंग्रजांकडे गेला, आणि किल्ल्याचे राजकारण संपले. 1861 पर्यंत आगगाडी कसाऱ्यास पोहोचली, आणि आपण डोंगराकडे खिडकीतून पाहू लागलो. आता त्याच तालुक्यातून समृद्धी महामार्गही गेला आहे, आणि त्यावरून जाणारास माहुली दिसेल तो काही क्षणच. वेग वाढत जाईल तसतसा डोंगर लहान दिसू लागेल. तो मूळ आकाराचा पाहावयाचा तर पायच हवेत.

येत्या मार्गशीर्षातील पहिल्या रविवारी, सकाळी, आम्ही आसनगाव स्टेशनबाहेर उभे राहणार आहोत. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी मुलांसह यावे, पाणी आणि भाकरी आणावी, आणि गळ्यातला मोठेपणा घरी ठेवून यावे. पुढारी कोणीही नसेल. पत्रिका छापून झाली असल्यास ती प्रत्येकाच्या हाती असेल. नसल्यास आजचे हे भाषण आठवून चालू.